फोटोखालची ओळ

२०२० ची दिवाळी. ऑफिस बंद, पुण्यातला फ्लॅट सोडलेला आणि मी लॅपटॉपसकट हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावी. रेंज फक्त गच्चीवर. त्यामुळे माझं वर्क फ्रॉम होम म्हणजे खरं तर वर्क फ्रॉम गच्ची! खाली आईची कापूस वेचणीची गडबड, आणि वर मी, हेडफोन लावून, ‘आवाज येतोय का?’ करत.

मीटिंग कंटाळवाणी झाली की हळूच फॅशन मॅगझिन्सची कव्हर्स बघायची ही माझी जुनी सवय. (हसू नका, तुम्हीही काहीतरी बघतच असाल!) त्या वर्षी कव्हर्स वेगळीच होती. ‘ब्रिटिश व्होग’च्या सप्टेंबरच्या अंकावर मॉडेल अॅडवोआ अबोआ आणि फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड. ती मुलींच्या मानसिक आरोग्यासाठी ‘गर्ल्स टॉक’ चालवणारी, तो गरीब मुलांच्या जेवणासाठी सरकारला निर्णय फिरवायला लावणारा. कव्हर उलगडलं की आत आणखी १८ कार्यकर्ते. सप्टेंबरचा अंक म्हणजे फॅशनवाल्यांची दिवाळीच, आणि त्यात कपड्यांआधी चळवळ!

नोव्हेंबरमध्ये आपल्याकडच्या ‘व्होग’नं केरळच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांना कव्हरवर घेतलं. साडी, चष्मा, आणि करोनाशी लढणाऱ्या राज्याची मंत्री. मी स्क्रीन आईसमोर धरली.

“ही मास्तरीण दिसती,” आई म्हणाली. एका सेकंदात निकाल! आणि खरंच, शैलजा आधी शाळेत शिकवायच्या. केरळात त्यांना ‘शैलजा टीचर’च म्हणतात.

मी ते कव्हर स्टेटसला टाकलं, तीन हार्ट्स लावून.

संध्याकाळी शेजारची काकू गच्चीवर आली. काकू गावातली आशा. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम नुकतीच संपली होती, पण काकूच्या फेऱ्या संपल्या नव्हत्या. ऑक्सिमीटर पुढे करत म्हणाली, “बोट दे माय. आन् ती स्टेटसवरची बाई कोण?”

“आरोग्यमंत्री. केरळची.”

“म्हंजी आमच्याच खात्याची की!” काकू खूश.

मला लगेच आयडिया सुचली. “काकू, तुझाही तसाच फोटो काढते. कव्हरवाला!” माझ्या डोक्यात फ्रेम तयार होती. मळकी युनिफॉर्मची साडी, खाली ओढलेला मास्क, हातात रजिस्टर, झिजलेल्या चपला. एकदम रॉ! पण काकू “थांब” म्हणून घरी गेली आणि अर्ध्या तासानं आली ती ठेवणीतली जांभळी साडी नेसून, पावडर लावून. माझा चेहराच पडला.

“अगं, युनिफॉर्ममध्ये जास्त खरी वाटली असतीस.”

“आठ महिने त्याच साडीत फिरले. फोटोत बी तीच कामून?”

मी गप्प. खरं तर शैलजा मॅडमना दमलेलं दिसा असं कुणी सांगितलं नसणार. माझ्या काकूनं मात्र कव्हरवर यायचं तर गरीब दिसायला हवं होतं. हा नियम कुणाचा? माझाच.

फोटो छान आला. काकूनं तो झूम करून बघितला आणि म्हणाली, “आता खाली लिही.”

“काय?”

“आमचा मोबदला. किती येतो, कवा येतो.”

आशा योजना २००५ पासूनची. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. तिला पगार नाही, कामानुसार मोबदला. हे मला काकूकडूनच कळलं, शेजारी वाढूनही. तिनं सांगितलेल्या आकड्यात माझ्या फ्लॅटचं भाडंही निघालं नसतं.

आणि मी काय लिहिलं? ‘रिअल हिरो!’ वर हार्ट्स. स्टेटस बॉसही बघतो, उगाच वाद नको, असं स्वतःला समजावलं. भरभरून रिप्लाय आले. काकूनंही बघितलं. “साडी चांगली दिसली,” एवढंच म्हणाली.

जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं वाढ मान्य झाली. मी तेव्हा पुण्यात परतले होते, बातमी फोनवर वाचली.

त्याच ऑगस्टमध्ये ‘व्होग स्कँडिनेव्हिया’च्या पहिल्याच अंकावर ग्रेटा थुनबर्ग झळकली. जंगलात, घोड्यासोबत. फोटो सुंदर. पण ग्रेटानं तो शेअर करताना खाली लिहिलं फॅशन उद्योगाबद्दलच. पर्यावरणाची हानी, कामगारांचं शोषण, वापरून फेकायचे कपडे. ज्यांच्या घरी पाहुणी, त्यांनाच सुनावलं! मला एकदम गच्ची आठवली. काकू हेच तर मागत होती. फोटो काढ, नटू दे, पण खालची ओळ माझी असू दे.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला. त्याच वर्षी शैलजांनी मॅगसेसे पुरस्कार नाकारला. काम सगळ्यांचं, एकटीचं नाही, हे त्यांनी सांगितलेलं एक कारण. पण त्याआधी, मे महिन्यातच, काकूचा फोन आला होता.

“आम्हाला बक्षीस मिळालं म्हणं. आता तरी लिही.”

या वेळी मी ओळ तिच्याकडूनच लिहून घेतली, आकड्यासकट. जांभळ्या साडीतला तोच फोटो. हार्ट्स आधीच्या निम्मेही आले नाहीत. बॉसनं बघितलं, काही बोलला नाही. पण ऑफिसातल्या एकीचा मेसेज आला: ‘आशांना पगार नसतो? खरंच?’

मी काकूला उत्साहानं फोन करून सांगितलं.

“मंग तिला नीट समजून सांग की,” काकू म्हणाली. “आन् ठेव आता, लसीकरणाला जायचंय.”