कुलूपबंद अक्षरे

दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे एका अर्थी घराचा जमाखर्चच. काय ठेवावे आणि काय जाऊ द्यावे, हे ठरविताना घर आपला भूतकाळ एकदा उलगडून पाहते. २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्व दिल्लीतील मयूर विहार फेज-१ मधल्या एका सहकारी गृहसंकुलात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका मराठी घरी, हा जमाखर्च एका जुन्या संगणकापाशी येऊन अडला होता. खाली फाटकाशी कबाडीवाल्याची आरोळी ऐकू येत होती. वर, खिडकीपाशी, निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई त्या यंत्रावरची धूळ तिसऱ्यांदा पुसत होत्या.

संगणकावर ‘विंडोज १०’ ही प्रणाली होती. तिची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबरपासून थांबली, आणि पुढची आवृत्ती चालविण्यास लागणारी सामग्री या जुन्या यंत्रात नव्हती. परदेशी असलेल्या मुलाने नवा संगणक घेऊन देण्याची तयारी फोनवरून दाखविली होती. बाईंनी त्यास होकार दिला नाही, नकारही दिला नाही. कारण त्या यंत्राच्या पोटात त्यांच्या पतीने जमविलेला वऱ्हाडी शब्दसंग्रह होता, आणि तो कोणालाही वाचता येत नव्हता.

पती अमरावती जिल्ह्यातले. सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत आले ते कायमचेच. पहिल्या खेपेस सुटीत गावी गेले, तेव्हा एक वही घेऊन परतले. वावर, पऱ्हाटी, तुराटी, गंज असे शब्द, त्यांपुढे अर्थ, आणि तिसऱ्या रकान्यात उदाहरणादाखल एखादे वाक्य. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी हा संग्रह संगणकावर उतरविला. त्या काळचा मराठी टंकलेखनाचा कार्यक्रम एका लहानशा डबीवर चाले. ती यंत्राच्या पाठीमागे खोचली असेल तरच अक्षरे उमटत. पुढे ती डबी निकामी झाली, कार्यक्रम विकणारे दुकान उठले आणि जुन्या तबकडीबरोबर ती टंकमालाही गेली. आता धारिका उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि अनोळखी चिन्हे यांची दाटी दिसे. पती गेल्यावर बाईंनी ती धारिका वर्षातून एकदा, त्यांच्या तिथीला, उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवला होता. वाचता न येणारी पोथी पूजेत ठेवावी, तसे ते होते.

शेजारच्या घरातला नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याचा जन्म दिल्लीचा. मराठी घरापुरते, पण स्वच्छ. यंत्र विकावयाचे नाही असे कळल्यावर त्याने डेबियन ही मुक्त प्रणाली सुचविली.

“फुकट मिळतं म्हणून घ्यायचं का?” बाईंनी विचारले.

“फुकट तर आहेच, आजी. पण त्यातली गोष्ट वेगळी. ती कशी बनवली आहे ते उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. आधी पेनड्राइव्हवरून नुसती चालवून बघू. तुमच्या डिस्कला हात लावणार नाही.”

त्याच्या बोलण्यामागे चार दशकांचा इतिहास होता. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये त्यांनी सिद्ध केलेल्या परवान्याने ग्रंथव्यवहाराला अपरिचित अशी एक अट घातली. घेणाऱ्याने हवे ते बदल करावेत. मात्र बदललेली कृती दुसऱ्यास देताना, आपणास मिळालेले स्वातंत्र्य त्यासही द्यावे. १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला. १९९३ साली इयान मरडॉक यांनी आरंभिलेली डेबियन ही या दोहोंवर उभी असून स्वयंसेवकच ती सांभाळत आले आहेत.

आधी साऱ्या धारिकांची प्रत दुसऱ्या तबकडीवर घेतली गेली. मग प्रणाली बसली. मुद्रकाने एक दुपार हटवादीपणा केला. बाईंना नेहमीची चित्रे नेहमीच्या जागी सापडेनात. तिसऱ्या दिवशी हेही अंगवळणी पडले. मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी होता. नव्या प्रणालीतही शब्दसंग्रह तितकाच मुका होता.

मग मुलाने त्या मुकेपणाचे कारण सांगितले. जुन्या टंकमालांत संगणकाला देवनागरी ठाऊकच नसे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: अर्धा ग, काना, वेलांटी, रफार. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याआधी व त्यानंतरही कित्येक वर्षे प्रत्येक विक्रेत्याची जुळणी निराळी राहिली. असे जुने लेखन युनिकोडमध्ये आणणारे काही कार्यक्रम मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक या टंकमालेसाठी केलेला नव्हता; पण त्याची तक्ता-धारिका उघडी असल्यामुळे तीत हवा तो फेरफार करता येणार होता.

बाईंना या ठिकाणी महानुभावांची आठवण झाली, आणि ती योग्यच होती. पतीच्याच जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे त्या पंथाचे महास्थान. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जात; एका अक्षराच्या जागी दुसरे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ती किल्ली लागली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शतकांचे दालन उघडले. महानुभावांनी निदान श्रद्धेपोटी कुलूप घातले होते, आणि किल्ली परंपरेने जपली होती. या डबीची किल्ली जपणारे मात्र कोणीच उरले नव्हते.

सुदैवाने संग्रहाच्या काही पानांचे जुने छापील उतारे ट्रंकेत निघाले. एका हाती कागद आणि समोर चिन्हांची दाटी, अशी ही लिपिवाचनाची बैठक आठवडाभर चालली. मुलगा तक्ता लिही. बाई नियम सांगत. ऱ्हस्व वेलांटी जुन्या जुळणीत व्यंजनाआधी टंकित होई, उच्चारात ती नंतर येते; रफार तेथे अक्षरानंतर येई, वास्तविक तो आधीचा. जन्मभर फळ्यावर शिकविलेले व्याकरण प्रथमच यंत्राला सांगण्याची वेळ आली होती.

आठव्या दिवशी अक्षरे बोलू लागली. पण पहिल्याच ओळीत खटकले. ‘वर्हाडी’. पुढे ‘पर्हाटी’. डोंगरांतल्या ‘दऱ्या’ होत्या त्यांचा ‘दर्या’ झालेला. स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यांना’ आचार्यपद मिळालेले. मूळ तक्ता हिंदीसाठी रचलेला असल्याने मराठीचा हा अर्धा र त्यास ठाऊक नव्हता. मुलाने तो तक्त्यात घातला. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबावी, हलन्त द्यावा, मग ह किंवा य. हे बाईंनी स्वतः करून पाहिले. २००४ मध्ये मुक्त परवान्याने खुल्या झालेल्या ‘लोहित’ टंकमालेत ‘पऱ्हाटी’ नीट उमटली.

बाई बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिल्या. त्या पुण्याच्या. नव्या संसारात एकदा पतीने आपल्या भावाविषयी बोलताना “ऱ्हायते” म्हटले होते. वऱ्हाडीत ‘तो जाते’ म्हणतात, हे ठाऊक नसलेल्या नववधूने पाहुण्यांसमोर हसून विचारले होते, “भाऊ की बहीण?” त्यावर तेही हसले होते. मात्र त्या दिवसानंतर त्यांनी घरात वऱ्हाडी बोलणे सोडले. ते सारे वहीत गेले.

एक निर्णय उरला. प्रकाशनाचा विषय निघाला की पती “अजून अपुरं आहे” म्हणत. त्या शब्दाला चिकटून राहिले तर संग्रह पुन्हा बंदच राहणार होता. ज्या तक्त्याने तो उघडला, तो कोणा अनोळखी माणसाने अपुराच असताना खुला ठेवला होता. तो पुरा असावा असा त्याचा हट्ट असता, तर या घरात त्याचा उपयोग झाला नसता. मुलाने मराठीपुरता दुरुस्त केलेला तक्ता मूळ कर्त्याकडे पाठविला. बाईंनी संग्रहाच्या माथ्यावर पतीचे नाव घातले, त्याखाली ‘अपूर्ण’ असे लिहिले, आणि कोणीही उतरून घ्यावा, भर घालावी, दुरुस्त करावा व तसाच पुढे द्यावा, अशी अनुज्ञा जोडली.

प्रत पाठविण्यापूर्वी त्यांनी एक नोंद शोधून काढली. ‘ऱ्हायते’ हा शब्द होता, अर्थही होता. उदाहरणाचा रकाना तेवढा त्या एकाच नोंदीपुढे रिकामा होता. कळफलकावर अडखळत, शिफ्टसह र, मग हलन्त, मग ह असे जुळवीत त्यांनी तेथे लिहिले: “माहा भाऊ अचलपूरले ऱ्हायते.”