मानेला विचारा!

आमच्या साखरखेर्ड्याच्या नावातच साखर आहे. १७२४ साली निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला इथं हरवलं आणि विजयाच्या आनंदात गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. पण लोकांनी काही साखर सोडली नाही. नाव बदलून वस्तू बदलत नाही, हे आम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही दुकानदार लोकरीचा गुंडा दाबून "वहिनी, एकदम मुलायम!" म्हणाला, की वहिनी सहा गुंडे घेऊन घरी येतात.

आता हिला लोकर म्हणायचं ते केवळ रिवाज म्हणून. मेंढीनं हिचं तोंडही पाहिलेलं नसतं. ही ॲक्रिलिक, पेट्रोलियमच्या घराण्यातली. स्वस्त, रंगानं झकास, आणि हिला कसर लागत नाही. कसरीलाही काही आवडनिवड असतेच की!

टोचायला काय, धनगराची घोंगडीही टोचते. पण ती घेणारा तयारीनं अंगावर घेतो. स्वेटरचं तसं नाही. त्यात कुणाचे तरी दोन महिने, दोन डोळे आणि हजारो सुलट-उलट टाके गुंतलेले असतात. म्हणून मोठी माणसं "वा, छान झालाय!" म्हणतात आणि आतून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात.

तान्ह्या बाळाला ही सभ्यता जमत नाही. आजीनं विणलेलं टोपडं डोक्यावर चढताच आमच्या नातवानं असा सूर लावला की शेजारच्या काकू धावत आल्या. "लेकरू काहून रडून राह्यलं?" कुणी म्हणालं भूक, कुणी म्हणालं दृष्ट. मीठमोहऱ्या उतरून झाल्या. शेवटी सूनबाईनं टोपडं काढलं. हनुवटीखाली लालभडक रेघ! आमच्या सौभाग्यवतींनी एक शब्द न बोलता सुया पेटीत ठेवून दिल्या.

"आई, सुया कशाला ठेवता? टोपडं धुऊ या," सूनबाई म्हणाली.

आमच्या विहिरीचं पाणी जड. साबणाची वडी लावली की फेस थोडा आणि साका फार. तो धाग्यात बसून धागा आणखी खरखरीत होतो. म्हणून कोमट पाणी आणि थोडा शांपू. मग स्वच्छ पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर. त्यानं राहिलेला साका निघतो. मग पाण्यात चमचाभर केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवायचं. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो आणि तंतू एकमेकांवरून घसरू लागतात. बाळाचं असल्यानं शेवटी पुन्हा दोनदा खळबळायचं. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून सावलीत वाळवायचं. गरम इस्त्री तर दूरच ठेवायची. तिच्यानं धागा चपटा होतो आणि त्याचा ताण कायमचा जातो.

दोन धुण्यांनंतर टोपडं नातवानं मुकाट्यानं घातलं, आणि सुया पेटीतून बाहेर आल्या. आता दहा नंबरऐवजी आठ नंबरच्या. सुयांच्या राज्यात नंबर उतरला की अंग वाढतं. जाड सुईनं वीण सैल पडते आणि अंगाला मऊ लागते.

विणणारीची बोटं भांडी घासून राठ झालेली. त्यांना सगळंच मुलायम लागतं. खरं काय ते मान सांगते. त्यामुळे हल्ली नवा गुंडा घरात आला, की तो आधी माझ्या मानेवर घासला जातो. निवृत्त माणसाचा घराला काही उपयोग नाही, असं आता कुणी म्हणत नाही.