ब्रेकवरचा हात

मेलबर्नच्या लुना पार्कमधली ‘सीनिक रेल्वे’ 1912 साली सुरू झाली. लाकडी सांगाड्यावरचा हा रोलर कोस्टर आजच्या पोलादी धुडांपुढे अगदीच संथ. तरी ओढ त्याचीच लागते. हे निव्वळ स्मरणरंजन म्हणावं, तर 1912 पाहिलेलं आज रांगेत कोण असणार? मला वाटतं, कारण आहे गाडीच्या मधोमध उभा राहणारा ब्रेकमन. उतारावर तो लांब दांडा ओढतो आणि वेग किती ठेवायचा हे दर फेरीला नव्याने ठरवतो. कुणी म्हणेल, लाकूड दुरुस्त होत गेलं, मग जुनं उरलं काय? फळ्या बदलल्या, खरंच. दांड्यावर अजून माणसाचाच हात आहे. संगणकाचा ब्रेक अधिक भरवशाचा असेलही. इथे मागच्या डब्यातल्यांना उतारभर त्या माणसाची पाठ दिसत राहते, किंचित वाकलेली.