अरबी समुद्राचा रहिवासी

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील खांडबारा ह्या गावातून समुद्र दिसत नाही, आणि त्याची गाजही तेथे ऐकू येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील ह्या गावापासून तो शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीही गावाचे त्याच्याशी नाते जुने आहे. श्रावणात दुथडी भरून वाहणारे तेथील ओढे आपले पाणी अखेर तापीच्या ओटीत घालतात, आणि तापी ते सुरतेच्या पुढे अरबी समुद्राच्या स्वाधीन करते. आषाढात शेतकरी ज्या मेघांकडे डोळे लावून बसतो, ते मेघही ह्याच समुद्रावरून येतात.

मेघांना घेऊन येणारा नैर्ऋत्येचा वारा वाटेत आणखी एक काम करतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. अरबस्तानातील ओमानच्या किनाऱ्याजवळ तो समुद्राचे वरचे पाणी दूर लोटतो. त्याची जागा घेण्यासाठी खोल तळाकडील थंड पाणी वर येते. हे पाणी नाना क्षारांनी समृद्ध असते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव पोसतात आणि त्यांच्या मागोमाग तारलीसारख्या माशांचे थवेच्या थवे येतात. वर्षाऋतू इकडे शेत पिकवितो, तसाच तिकडे समुद्रही पिकवितो!

ह्या पिकावर जगणारा एक महाकाय प्राणी म्हणजे हंपबॅक जातीचा देवमासा होय. लोक त्यास मासा म्हणतात, पण तो मासा नव्हे. त्याचे रक्त उष्ण असते, श्वास घेण्यासाठी त्याला पाण्यावर यावे लागते आणि मादी आपल्या पिलाला दूध पाजते. चाळीस-पन्नास फूट लांबीच्या ह्या प्राण्यातील नर पाण्याखाली तासन् तास गातो. जगातील इतर समुद्रांतले हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडील थंड पाण्यात चरावयास जातात आणि हिवाळ्यात उष्ण प्रदेशाकडे परततात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र अशी यात्रा करीत नाही. पावसाळी वारा त्याचे ताट त्याच्या दारीच वाढून ठेवतो. मग त्याने का जावे? इतर हंपबॅकांपासून तो सुमारे सत्तर हजार वर्षे वेगळा राहिला असावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

अशा ह्या प्राण्यावर नोव्हेंबर १९६६ मध्ये मोठे अरिष्ट कोसळले. सोव्हिएत संघाची शिकारी जहाजे अरबी समुद्रात आली आणि ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत ह्यांच्या किनाऱ्यांसमोर त्यांनी त्या एका महिन्यात २३८ हंपबॅक मारले. त्यांत गाभण माद्याही होत्या. ही शिकार नियमाविरुद्ध होती. देवमाशांच्या शिकारीवर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय करार २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे झाला होता आणि त्यावर सोव्हिएत संघाचीही सही होती. परंतु सही करणारा हात आणि हिशेब लिहिणारा हात एकमेकांस ओळखत नसावेत. दक्षिण गोलार्धात त्या देशाने २,७१० हंपबॅक मारल्याचे जगाला कळविले. प्रत्यक्षात ती संख्या ४८ हजारांवर होती.

मग हे सत्य उजेडात आले कसे? जहाजांवरील काही शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाने ही लपवाछपवी जगापुढे मांडली, आणि १९९७ मध्ये युरी मिखालेव्ह ह्यांनी अरबी समुद्रातील शिकारीचा तपशील प्रसिद्ध केला. मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांची वाढ मोजली तेव्हा हे देवमासे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नसून ह्याच समुद्राचे रहिवासी आहेत, असे दिसून आले. त्यांची खरी ओळख पटली ती त्यांच्या मृत्यूच्या नोंदीतून, ही गोष्ट मनाला चटका लावते.

देवमाशांचा हा संहार केवळ एका देशाने केला नाही. दिव्यांसाठी, साबणासाठी, यंत्रांच्या वंगणासाठी त्यांचे तेल सर्वांनाच हवे होते. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे उपस्थित होत्या. दहा वर्षे शिकार थांबवावी, अशी मागणी त्या परिषदेने केली. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने ती तेव्हा मानली नाही. १९७९ मध्ये मात्र सेशेल्स ह्या चिमुकल्या द्वीपराष्ट्राच्या सूचनेवरून हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य ठरला. १९८१ मध्ये भारत आयोगाचा सभासद झाला आणि पुढच्याच वर्षी २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव संमत झाला. भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. नॉर्वेने ह्या ठरावावर हरकत घेऊन पुढे शिकार चालू केली, आणि जपान २०१९ मध्ये आयोगातूनच बाहेर पडला.

अरबी समुद्रातील हंपबॅकांची संख्या अजूनही फार थोडी आहे. शेपटीवरील खुणांची छायाचित्रे पाहून ओमानच्या किनाऱ्यावर २००४ पर्यंत जी गणती झाली, ती सुमारे ८२ भरली. १९६६ साली एका महिन्यात मारलेल्यांची संख्या ह्याच्या जवळजवळ तिप्पट होती! २०१७ मध्ये तेथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव लुबान, म्हणजे आपल्याकडील धुपाचा लोबान. ही लुबान अथांग समुद्र पोहून थेट भारताच्या किनाऱ्याकडे आली, दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. वाटेत तिला ना सीमा अडली, ना परवाना लागला.

शिकारी जहाजे ह्या समुद्रातून गेली, तरी जाळी राहिलीच. कोळ्याच्या जाळ्यात कधी समुद्री कासव, कधी डॉल्फिन अडकतो. अशा संरक्षित प्राण्यास सोडविताना जाळे कापावे लागले, तर महाराष्ट्र शासन २०१८ च्या अखेरीपासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. ती पुढे कधीतरी हाती येते. त्या दिवसाची मासळी मात्र फाटलेल्या जाळ्यातून तत्क्षणी निसटून जाते. हे ठाऊक असूनही कोकणातील कितीतरी कोळ्यांनी भर समुद्रात सुरी काढून आपलीच जाळी कापली आहेत.