एक ब्रास वाळू

सोसायटीत मुलांसाठी वाळूचा हौद करायचं ठरलं, तेव्हा त्यात दगड फोडून केलेली क्रश सँडच हवी असा आग्रह मी धरला होता. आता मी नदीची वाळू मागते आहे. माझ्या शब्दावर काही जणांनी होकार दिला होता, म्हणून कारण सांगणं भाग आहे.

वाळूउपशाने भीमेपासून वैनगंगेपर्यंत नद्यांची पात्रं खरवडली गेली आहेत. मुलांच्या खेळासाठी त्यात भर नको, असं वाटे. शिवाय सिलिकाची धास्ती होतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकी सिलिकाची धूळ कर्करोगकारक ठरवली. वैनगंगेसारख्या नदीच्या वाळूत क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाच, भरपूर. उलट पुण्याभोवतालच्या खाणींतल्या काळ्या दगडात ते फारच थोडं. तेव्हा या दगडाची वाळू अधिक सुरक्षित, हे मला बिनतोड वाटलं.

पण १९९७ चा तो निष्कर्ष कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षं धूळ ओढणाऱ्या माणसांवरून निघालेला आहे, आणि फुफ्फुसात खोलवर उतरतात ते साधारण चार मायक्रॉनहून बारीक कण. वाळूचा अगदी बारीक दाणाही साठ मायक्रॉनच्या आसपास असतो. क्वार्ट्झचा असला तरी तो तिथवर पोचत नाही. तेव्हा दगड कुठला यापेक्षा भुकटी किती, हे आधी बघायला हवं. नदीत घासून गोलसर झालेल्या, धुतलेल्या वाळूत ती कमी असते. क्रश सँड दगड फोडूनच होते, त्यामुळे भुकटी सोबत येतेच. आयएस ३८३ या मानकानुसार तिचा २० टक्क्यांपर्यंत भाग १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गळला तरी चालतो. काँक्रीटमध्ये ही पूड पोकळ्या भरते, तिथे ती हवीच. मुलं मात्र वाळू ओंजळीने उडवतात, एकमेकांच्या डोक्यावर ओततात. दम्याच्या मुलाला कुठलीही धूळ त्रासाचीच, आणि फोडलेल्या दगडाच्या कणांना धार असते ती वेगळीच.

दोन्ही नमुने काचेच्या बाटल्यांत पाण्यासोबत हलवून ठेवले. नदीच्या वाळूवरचं पाणी लवकर निवळलं; क्रश सँडवरचं बराच वेळ राखाडी राहिलं. कासार्डेची पांढरी सिलिका वाळूही काहींनी सुचवली आहे. दिसते सुरेख, पण तिलाही हीच परीक्षा लावावी. पिठासारखी बारीक असेल तर नको.

राहिला प्रश्न नदीचा. बांधकामाला क्रश सँडच वापरावी, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. आपला हौद दहा बाय दहाचा, फूटभर खोल. म्हणजे एक ब्रास, तीही एकदाच. रॉयल्टीची पावती दाखवेल त्याच्याकडूनच घ्यावी, चाळून आणि धुऊन टाकावी.

रोज संध्याकाळी हौदावर ताडपत्री घालायची जबाबदारी मात्र आधी ठरवू या. मांजराच्या विष्ठेतली जंतांची अंडी ताजी असताना बाधत नाहीत, काही आठवड्यांनी बाधतात. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला तर एक ते पाच दिवस पुरतात. म्हणून घाण दिसली की भोवतालच्या वाळूसकट त्याच दिवशी उचलायला हवी.