हिट्टु आणि होट्टु

आमच्या घरात पिठाला दोन नावं आहेत. मी पीठ म्हणते, धाकटी जाऊ गोकाककडची, ती हिट्टु म्हणते. भावोजींची गिरणी शहापुरात. पंचवीस वर्षं गहू-ज्वारी दळली, कधी शिंक आली नाही. मग दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन घालायची पद्धत घरोघर रुजली. एका बेकरीसाठी ते निव्वळ सोयाबीनही दळू लागले. पुढे वर्षा-दीड वर्षात खोकला सुरू झाला. गल्लीतल्या दवाखान्यात खोकल्याचं औषध मिळायचं, बाटली संपायची, खोकला राहायचा.

नेमकं बोट ठेवलं ते जावेनं. लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं पंधरा दिवस हुबळीला राहिली, तिथं खोकला नाही. परत आल्यावर तिसऱ्या रात्री छातीत घरघर. “अक्का, ह्यांना गिरणीतलं हिट्टु सोसत नाही,” ती म्हणाली. छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काम काय करता?” हा प्रश्न जुना आहे. इटलीच्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं त्यात बजावलं. पीठ दळणाऱ्यांचा आणि पाव भाजणाऱ्यांचा दमाही त्यानं नोंदवला होता. तीनशे वर्षांत प्रश्न तोच, विचारणारे मात्र थोडे.

तपासणीत सोयाबीनची अ‍ॅलर्जी निघाली. जावेला ते पटेना. “भाकरी-चपातीतून रोज खातात की!” पण पोटात गेलेलं पीठ वेगळं आणि श्वासातून छातीत गेलेलं वेगळं. खाऊन काहीच न होणाऱ्या माणसाला तेच पीठ हुंगून दमा लागू शकतो. तोही लगेच नाही, काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी.

तेव्हापासून मी सोयाबीनच्या वाटेवरची माणसं न्याहाळते. पाव पांढरा दिसावा म्हणून बेकरीत मैद्यात चिमूटभर सोयापीठ पडतं. पीठ मळण्याच्या यंत्रात पोतं उंचावरून रितं करणारा पोरगा त्या ढगातच उभा असतो. पशुखाद्याच्या कारखान्यात सोयापेंड दळणारे, मिसळणारे तर दिवसभर त्यात. बैलहोंगलकडच्या मळणीत मात्र पीठ नसतं, उडतो तो भुसा, साल. कन्नडमध्ये त्याला होट्टु म्हणतात. हिट्टु आणि होट्टु, एका मात्रेचा फरक, पण छातीला दोन्ही वेगळे. सालातले त्रासदायक घटक निराळे, पिठातले निराळे.

होट्टुचा प्रताप स्पेनमधल्या बार्सिलोनानं पाहिला. १९८१ ते १९८७ या काळात तिथं सव्वीस वेळा अचानक दम्याच्या रोग्यांनी दवाखाने भरले, काहींचा जीव गेला. त्यातले बहुतेक बंदरात कामालाही नव्हते. शोध घेतल्यावर कळलं, बंदरावर सोयाबीन उतरवलं की सालाची धूळ वाऱ्याबरोबर गावात शिरते. धान्य साठवायच्या कोठाराला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. ती बसवली आणि साथ थांबली.

आमच्या गिरणीला अशी गाळणी बसवायची तर पैसे हवेत. डॉक्टर म्हणाले, सोयाबीन बंद करा, उशीर कराल तितका दमा मुरेल. भावोजी म्हणाले, “वहिनी, सोयाबीन परत पाठवलं की त्या घराचा गहूही पलीकडच्या गिरणीत जातो.” यावर मराठीच्या एम.ए.कडे उत्तर नाही. बेकरीचं काम त्यांनी सोडलं, घरगुती दळण अजून घेतात. गमछा गेला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क आला. झाडू मारून पीठ उडवण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसतात. डॉक्टरांनी फुंकर मारायची एक नळी दिली आहे. गिरणीत एकदा, घरी एकदा फुंकायचं आणि आकडा लिहायचा. वही जावेच्या ताब्यात. रविवारी चारशे होता, परवा गुरुवारी तीनशे दहा. तिनं त्याखाली कन्नडमध्ये एकच शब्द लिहिलाय, सोया.