चाळीस पावलांचा नेम

देवरूखच्या पुढे, सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीत साठीला टेकलेला एक बागायतदार राहतो. त्याच्या घरात एके काळी दोन बंदुका होत्या: आजोबांची ठासणीची आणि वडिलांची ०.३१५ बोअरची रायफल. ठासणीची केव्हाच सरकारजमा झाली. रायफल राहिली. अलीकडे ती गोळी उजवीकडे टाकू लागली, तेव्हा तिच्यावर पैसे घालून नेम सुधारून घ्यावा की तेल लावून कपाटात ठेवून द्यावी, हा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला.

रायफल बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची. वडिलांनी ती जुनीच घेतली होती. तिचा बोअरही इतिहासातून आलेला. लष्कराची ०.३०३ काडतुसं बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी त्या बोअरच्या रायफली हिंदुस्थानात खासगी वापराला बंद केल्या. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी ऑस्ट्रियाच्या सैन्याचं आठ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस उचललं, त्याला ०.३१५ म्हटलं आणि शिकारीची रायफल म्हणून ते इथे विकलं. स्वातंत्र्यानंतर बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही याच बोअरच्या रायफली केल्या. गोऱ्या साहेबाच्या धास्तीतून जन्मलेला हा बोअर आजही भारतीय परवान्यांवर दिसतो.

लहानपणी बागायतदाराला रायफल उडवायला नाही, पण पुसायला मिळायची. शिकारीचा हाका करून मंडळी परतली की पडवीत पोतं अंथरायचं, लोखंडी गजाला तेलाची चिंधी गुंडाळायची आणि नळीच्या तोंडातून आत-बाहेर करायची. आजोबा ठासणीची तशीच साफ करत. तिला मागून वाटच नव्हती; दारू, गोळी, गज, सगळं तोंडातूनच जायचं. रायफलीचा खटका काढला की मागून सरळ नळी साफ करता येते. पण हात आजोबांच्या वळणाचा, तो वडिलांकडे आला आणि वडिलांकडून मुलाकडे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने तेही दार बंद झालं. हाके थांबले. रायफल मात्र परवान्यावर राहिली, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत यायची. वडिलांनी सत्तरी ओलांडली तेव्हा वारसाच्या नावाने परवाना झाला. कायद्यात तशी सोय आहे: धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे शस्त्र पंचवीस वर्षं राहिलं, की ते हयातीतच वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो.

मग डुकरं वाढली. पोटरीतला भात, नाचणी, सुरण, कणगर, काजूची बोंडं, काहीच सुटेना. २०१५ साली राज्य सरकारने पिकांची नासाडी करणारी रानडुकरं वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारण्याची वाट मोकळी केली. कागद हातात आला आणि रायफल कपाटातून बाहेर निघाली. पहिल्याच दोन-तीन रात्रींत तिचं उजवीकडे जाणं कळून आलं. डुक्कर सुटलं तर एक वेळ चालतं. पोटात गोळी घेऊन ते रानात शिरलं, तर पहाटे त्याच्या मागावर जाणाऱ्याच्या मांड्या फाटतात आणि जनावर कुठल्या तरी वहाळात दोन दिवस तडफडतं.

म्हणून आंबा घाट चढून त्याने कोल्हापूर गाठलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. गावातल्या लोहाराकडे हे काम न्यायचं नसतं. कारागीर म्हातारा, बोलायला तुटक. त्याने रायफल उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "किती लांबनं मारणार?"

"राखणीच्या माळ्यावरून फणसापर्यंत. चाळीस पावलं."

"मग दुर्बीण कशाला बसवायची?"

दुर्बिणीची गोष्ट अजून निघालीही नव्हती, पण येणाऱ्याच्या मनात काय असतं हे कारागिराला ठाऊक होतं. त्याने कापसाचा बोळा घेतला आणि नळीच्या तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर फिरवला. एका बाजूला कापसाचे तंतू अडकून राहिले. त्या जागी गजाने वर्षानुवर्षं घासून कड झिजवली होती आणि बारीक कुसळं उभी राहिली होती. गोळी नळीबाहेर पडताना मागचा वायू सगळ्या बाजूंनी एकदम सुटायला हवा. एका बाजूने तो आधी सुटला, तर जाता जाता गोळीला ढकलतो. मग त्याने पाचशेची नोट नळी आणि लाकूड यांच्यात सरकवली. ती अर्ध्यावर अडली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि नळीला रेटतं. उन्हाळ्यात ते सुकलं की गोळी आणखी तिसरीकडे जाते.

करण्यासारखी कामं पुष्कळ होती. नवा दस्ता, त्यात नळीचा मागचा भाग राळेत घट्ट बसवणं, हलका चाप, दुर्बीण. या सगळ्याचा आकडा रायफलीच्या किमतीच्या वर गेला असता. इथे हिशेब करावा लागतो. शंभर मीटरवर बारा सेंटिमीटरच्या घेरात गोळ्या टाकणारी रायफल तीस मीटरवर सुमारे साडेतीन सेंटिमीटरच्या घेरात टाकते. खर्च करून ती चौपट अचूक झाली, तर तीस मीटरवर घेर एका सेंटिमीटरच्या आत येतो. डुकराच्या छातीतली मर्माची जागा पसाभर असते. तिथे या अडीच सेंटिमीटरने काही बिघडत नाही.

जिथे बिघडतं ती जागाही कोल्हापुरापासून लांब नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, अंतिम फेरीत ४५१.४ गुण घेऊन. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. या खेळातले नेमबाज एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून उडवून पाहतात आणि जुळेल तोच लॉट घेतात. तिथे मिलिमीटरला पैसे मोजणं रास्तच. बागायतदाराच्या परवान्यावर वर्षाची काडतुसं मोजून लिहिलेली असतात. नेम तपासण्यातच ती संपवली तर रानात काय न्यायचं?

शेवटी तीन कामं ठरली. कारागिराने नळीत कापूस कोंबला, गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला घासायची पेस्ट लावली आणि तो नळीच्या तोंडावर हातड्रिलने हळूहळू सगळीकडून फिरवला, कड चकचकीत सारखी होईपर्यंत. लाकूड आतून तासून नोट सरळ सरकेल इतकी फट केली आणि तासलेल्या जागी तेल मुरवलं. सैल झालेले स्क्रू आवळले. चापाला त्याने हात लावला नाही. अंधारात, थंडीने आखडलेल्या बोटाखाली हलका चाप नको, हे त्याचं म्हणणं बागायतदाराला लगेच पटलं.

"आणि माशी दिसते का?" कारागिराने विचारलं.

दिसत नव्हती. साठीच्या डोळ्यांना नळीच्या टोकावरची ती काळी बारीक माशी संध्याकाळी नुसतीच धूसर वाटायची, आणि माणूस अंदाजाने चाप ओढायचा. कारागिराने तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि डोळे तपासून घ्यायला सांगितलं. नंतर रेंजवर बसून मारलेल्या गोळ्या पन्नास मीटरवर तळहाताखाली झाकल्या जाऊ लागल्या. त्यात नळीच्या कडेचा वाटा किती आणि नव्या चष्म्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

दस्ता आणि दुर्बीण यांचे वाचलेले पैसे त्याने भाताच्या कुणग्यांभोवती सौर कुंपण घालण्यात खर्च केले. त्या हंगामात रायफल माळ्यावर फार थोड्या वेळा गेली. डुकरांनी मोर्चा वहाळापलीकडच्या शेजाऱ्याच्या वरीकडे वळवला, आणि आता तो शेजारी कुंपणवाल्याचा फोन नंबर मागत फिरतो आहे.